सरकारी प्रचार आणि कोल्हापूरचे शांतारामबापू

निवडणूक लागली की बिद्रीच्या चौकात फ्लेक्सची गर्दी होते. आपण बघतो आणि पुढं जातो. पण चित्र आपल्याकडून काहीतरी करून घेऊ पाहतंय, हे ओळखायला नजर लागते. व्ही. शांताराम यांची ती नजर कोल्हापुरातच तयार झाली.

जन्म 18 नोव्हेंबर 1901 चा. शाळा जेमतेम. 1920 मध्ये ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत लागले. पेंटर आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. तिथं पडेल ते काम करत शांताराम शिकले. 'सावकारी पाश'मधला तरुण शेतकरी त्यांनीच उभा केला. 1929 ला चार सहकाऱ्यांसोबत कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. पुढं 'कुंकू', 'माणूस'नं त्यांचं नाव घरोघरी गेलं.

1939 ला इंग्रजांनी आपल्याला न विचारताच भारताला महायुद्धात ओढलं. सैन्यात या, कर्जरोखे घ्या, असं पोस्टरं सांगू लागली. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? त्यांच्यापर्यंत सिनेमा पोचत होता. म्हणून 1940 ला सरकारनं फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड काढलं. शांतारामबापू त्याचे मुख्य निर्माते झाले. देशात स्वातंत्र्याची चळवळ आणि बापू सरकारी प्रचारात, हे आज पचायला जडच जातं. 1942 च्या सुमारास ते तिथून बाहेर पडले. 'प्रभात'ही सोडली आणि मुंबईत 'राजकमल' उभारलं.

तरी प्रचारानं पाठ सोडली नाही. कच्ची फिल्म मोजूनमापून मिळायची आणि युद्धाला पाठबळ देणारे सिनेमे काढा, असा सरकारचा आग्रह होता. बापूंनी विषय निवडला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा. काँग्रेसनं 1938 ला पाठवलेल्या पथकातून ते चीनला गेले आणि जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता 1942 ला तिथंच वारले. जपान इंग्रजांचाही शत्रू, त्यामुळं विषय सरकारच्या चौकटीत बसत होता. पडद्यावरचा नायक मात्र काँग्रेसनं पाठवलेला भारतीय डॉक्टर! 1946 ला सिनेमा आला. कोटणीसांची भूमिका बापूंनीच केली.

1990 ला बापू गेले. आता युद्ध आपल्या मोबाइलवर रील होऊन येतं. वर्गात जुनं पोस्टर समोर आलं किंवा हातात नवं रील, तरी विचारायचं तेच: पैसा कुणाचा, बोलतंय कोण आणि काय दाखवलेलं नाही? बापूंच्या सिनेमालाही हे विचारायला हवं. आवडला तरी तोही प्रचारच होता.