विश्लेषण : मलिक अंबरची खडकी दोनदा उद्ध्वस्त झाली, मग त्याची नहर कशी टिकली?

वेरूळची लेणी पाहायला विदर्भातून निघालेल्या बसगाड्या बहुधा वाटेत खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशीही थांबतात. त्याच गावाच्या वायव्येला काळ्या दगडाची, एका घुमटाची आणखी एक कबर आहे. तिथे गर्दी नसते. या कबरीतला माणूस आफ्रिकेत जन्मला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घालून गेला. मलिक अंबर लढवय्या म्हणून शाळेच्या पुस्तकात भेटतो. बांधकाम करणारा अंबर मात्र तिथे एखाद्या ओळीत आटोपतो.

इथिओपियाचा चापू अहमदनगरला कसा आला?

अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला. तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून बगदादला गेला. तिथल्या मीर कासिम या मालकाने त्याला लिहायला, वाचायला, हिशेब ठेवायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले.

पुढचा खरेदीदार होता चंगेज खान, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा. हा चंगेज खान स्वतःही हबशी आणि एके काळचा गुलाम. दख्खनच्या दरबारांत हबशी शिपायांना मान होता, त्यांतले काही मोठ्या पदांवर चढत. नव्या पोराला राज्यकारभाराचे धडे इथेच मिळाले. अहमदनगरच्या महालांना, हौदांना मातीच्या नळांतून दूरवरून पाणी येत असे, तेही त्याने इथेच पाहिले असणार.

चंगेज खानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. गोवळकोंडा, विजापूर असे करत त्याने बरीच वर्षे भाडोत्री शिपाईगिरी केली. मलिक हा किताब त्याच काळातला. १५९५ च्या सुमारास तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्यामागे स्वतःचे घोडदळ होते.

राजा दुसरा, राज्य याचे

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. निजामशाही संपली, असे मोगलांना वाटले. अंबरने राजघराण्यातला एक वारस शोधला, त्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परांड्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःकडे ठेवला. राजधानी परांड्याहून जुन्नरला, तिथून दौलताबादकडे सरकत राहिली. मराठा सरदारांच्या चपळ घोडदळाच्या बळावर त्याने रसद तोडण्याचे, रात्री छापे घालण्याचे युद्ध चालवले. शहाजीराजे भोसले याच फौजेत घडले.

हा माणूस संत नव्हता. सून-सासऱ्याच्या नव्हे, तर जावई-सासऱ्याच्या भांडणातून त्याने १६१० मध्ये मुर्तजाला विष देऊन दूर केले आणि नवा शहा बसवला, असे समकालीन डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रोके याच्या नोंदीत आहे. तो १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला होता.

खडकीत त्याने काय बांधले?

दौलताबादजवळचे खडकी हे तेव्हा लहान गाव. अंबरने १६१० च्या सुमारास तिथे राजधानी वसवायला घेतली. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. आज शहर दरवाजांसाठी ओळखले जाते, पण त्यातले बरेच दरवाजे औरंगजेबाच्या तटबंदीबरोबर आले. भडकल त्या तटाआधी सत्तर वर्षे उभा आहे. दगडाचे जाड खांब, त्यांवर तोललेल्या कमानी. नक्षीपेक्षा वजनच डोळ्यांत भरते.

नौखंडा महाल, काळी मशीद, जामा मशीद ही त्याचीच कामे. काळी मशीद हे नाव दगडावरूनच पडले. दिल्ली-आग्र्याकडे तांबडा वालुकाश्म होता, पुढे संगमरवर आला. अंबरने पायाखाली मिळाला तो बेसॉल्ट वापरला. इराणी वळणाची कमान आणि घुमट, पण दगड सह्याद्रीचा: दख्खनच्या इस्लामी वास्तुकलेचा हा बाज आहे. पुढे १६६० च्या सुमारास याच शहरात बीबी का मकबरा उभा राहिला. ताजमहालाची आठवण करून देणारी ती देखणी इमारत आहे, पण ती या मातीतली वाटत नाही. भडकल दरवाजा वाटतो.

नहर चालायची कशी?

शहर वसवायचे तर पाणी हवे आणि खडकीत ते पुरेसे नव्हते. गोंदिया-भंडाऱ्याकडे कोहळी समाजाने मातीची पाळ घालून तलाव बांधले, पावसाचे पाणी उघड्यावर अडवले. अंबरने उलटी वाट धरली. शहराच्या उत्तरेला हर्सूलकडच्या डोंगरांत मुरलेले पाणी त्याने जमिनीखाली गाठले आणि बांधीव बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. अंतरा-अंतरावर हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उभ्या विहिरी ठेवल्या. वस्तीत आल्यावर पाणी दगडी मनोऱ्यांत चढे आणि तिथून नळांतून हौदांत, घरांत पोहोचे. मोट नाही, रहाट नाही. या कल्पनेची दरबारात थट्टा झाली आणि अंबरने पंधरा महिन्यांत काम पुरे करून दाखवले, असे सांगितले जाते.

मूळ तंत्र इराणचे, कनात नावाचे. गंमत अशी की अंबरचा मोगल प्रतिस्पर्धी अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोह्यांचा कवी रहीम, त्याच सुमारास बुऱ्हाणपुरात हेच करत होता. तिथला कुंडी भंडारा १६१५ चा. दोघे रणात एकमेकांचे पाणी जोखत होते आणि आपापल्या शहरांत जमिनीखालून पाणी आणत होते.

पर्यटक पाणचक्की पाहून अंबरला दाद देतात, तिथे मात्र गल्लत होते. पाणचक्की आणि तिची नहर पुढच्या काळातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली. अंबरच्या नहरीनंतर शहरात अशा आणखी नहरी झाल्या, त्यांतली ती एक.

शहर जळाले, नहर का राहिली?

१६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला. खानखानाचा मुलगा शाहनवाज खान फौज घेऊन खडकीत शिरला आणि त्याने राजधानी उद्ध्वस्त केली. अंबरने ती पुन्हा उभी केली. १६२१ मध्ये शाहजहानच्या नेतृत्वाखालच्या मोगल फौजेने ती पुन्हा मोडली. महाल, बाजार, घरे जाळता येतात. जमिनीच्या पोटात वाहणारे पाणी जाळता येत नाही. शिवाय ज्याला हे शहर जिंकून वापरायचे आहे, त्यालाही तेच पाणी प्यायचे असते. त्यामुळे राज्यकर्ते बदलले, नहर पुढची तीनेकशे वर्षे कामात राहिली. तिचे खरे नुकसान अलीकडचे: वाढत्या शहराची बांधकामे आणि दुर्लक्ष.

जहांगीरचा बाण

रणात न सापडलेल्या अंबरला जहांगीरने चित्रात गाठले. १६१६ च्या सुमारास चित्रकार अबुल हसनने रंगवलेल्या चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. हे घडलेच नाही. ते चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. याच मोगल दरबारातल्या हाशिम या चित्रकाराने अंबरचे वेगळे चित्र काढले, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहायला मिळते: बाजूने दिसणारा, पांढऱ्या वस्त्रांतला, धिप्पाड म्हातारा. त्यात द्वेषाचा मागमूस नाही.

भातवडी आणि त्यानंतर

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले. अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, तोफा-घोडे अडकले आणि पंचाहत्तरी गाठलेल्या या माणसाने आयुष्यातली सर्वात मोठी लढाई जिंकली. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. पाणी आणणाऱ्याने पाणी सोडूनही दाखवले.

मे १६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादची कबर त्याने हयातीतच बांधून ठेवली होती. पत्नी बीबी करीमाची लहान कबर जवळच आहे. मुलगा फतेह खान याने खडकीचे नाव फतेहनगर केले, पण बापाचे राज्य त्याला सांभाळता आले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. १६५३ मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून आला आणि शहर औरंगाबाद झाले.

अंबरच्या जामा मशिदीला तेव्हा दर्शनी पाच कमानी होत्या. औरंगजेबाने त्या पाडल्या नाहीत. त्यांच्याच ओळीत आणखी चार जोडल्या. आज तिथे नऊ कमानी आहेत.