लोकमान्यांचे पथ्य

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपली दृष्टी बहुधा त्यांच्या पराक्रमावर खिळून राहते. ज्या देहाच्या आधाराने तो पराक्रम घडला, त्या देहाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे नाव आमच्या वाचकांपैकी कोणास अपरिचित असेल असे नाही. त्यांच्या सर्व मतांशी आमचे एकमत आहे, असेही नाही. परंतु या पुरुषाने आयुष्याची अखेरची वर्षे मधुमेहाशी झुंजत काढली, आणि तीही त्या रोगावर खरे औषध जगात कोठेच नव्हते अशा काळी, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. तीच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. दहाव्या वर्षी मातेचे व सोळाव्या वर्षी पित्याचे छत्र हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अगदीच किरकोळ होती. तेव्हा या विद्यार्थ्याने पुस्तके बाजूस सारून पहिले वर्ष तालीम, कुस्ती व पोहणे यांतच घालविले. त्या वर्षीच्या परीक्षेत अपयश आले. परंतु शरीर असे कमावले की ते पुढे जन्मभर उपयोगी पडले. सोबत्यांपैकी कोणी औषधाच्या बाटल्या जवळ बाळगल्या, तर त्या फेकून देऊन टिळक त्यांस तालमीत ओढून नेत, अशी आख्यायिका आहे. बाटल्यांचा असा तिटकारा असणाऱ्या या तरुणास पुढे आजन्म पथ्य पाळावे लागेल, हे तेव्हा कोणास ठाऊक होते!

१८८० साली त्यांनी चिपळूणकर व आगरकर यांच्या साहाय्याने न्यू इंग्लिश स्कूल काढले, व पुढील वर्षी 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू केली. त्यानंतरचे त्यांचे सार्वजनिक आयुष्य सर्वश्रुत आहे. २४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृह येथे त्यांस राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले, व २२ जुलै रोजी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांस बावन्न वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्या सुमारास मधुमेह त्यांच्या शरीरात शिरलेला होता.

मंडालेचा तुरुंग, ब्रह्मदेशातील असह्य उन्हाळा, घरापासून शेकडो कोसांचे अंतर आणि सोबतीस हा रोग! आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय आहे. त्यातून पाझरणारे इन्शुलिन अन्नातील साखर शरीराच्या उपयोगी आणते. ते कमी पडले, किंवा असूनही त्याचा पुरेसा परिणाम होईनासा झाला, म्हणजे साखर रक्तात साचते आणि मनुष्य खाऊनपिऊन क्षीण होत जातो. हे सारे आज शाळेतील मूलही सांगते. त्या वेळी मात्र इन्शुलिन कोणाच्या हाती लागले नव्हते. वैद्य असो की डॉक्टर, खात्रीचा उपाय एकच सांगत, व तो म्हणजे पथ्य. टिळकांनी भातासारखे पिष्टमय अन्न वर्ज्य केले, आणि जवाचे पीठ, दूध व तूप यांवर आपला आहार बेतला. पथ्य एक आठवडा कोणीही पाळतो. तुरुंगात ते वर्षानुवर्षे पाळणे हे निराळेच तप होय. त्याच देहाने १९१०-११ च्या हिवाळ्यात, शाई मिळत नसल्याने शिसपेन्सिलीने, 'गीतारहस्य' या प्रचंड ग्रंथाचे लेखन काही महिन्यांत पुरे केले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई यांच्या निधनाची वार्ता तेथेच येऊन पोहोचली. तरीही त्यांचा नेम सुटला नाही.

१९१४ च्या जून महिन्यात ते सुटून पुण्यास आले. पुढे होमरूलची चळवळ झाली, लखनौची काँग्रेस झाली, इंग्लंडचा प्रवास झाला; साठी उलटलेल्या मधुमेही मनुष्याने एवढी धावपळ करावी याचे नवल वाटते. जुलै १९२० मध्ये मुंबईस असताना ज्वर आला, तो न्यूमोनियावर गेला, आणि १ ऑगस्ट रोजी त्याच सरदारगृहात त्यांची प्राणज्योत मालवली.

आता वाचकांनी एक तारीख ध्यानात धरावी. बरोबर तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर १९२० च्या पहाटे, कॅनडातील फ्रेडरिक बँटिंग नावाच्या एका तरुण डॉक्टरास स्वादुपिंडातील तो रस वेगळा काढण्याची एक युक्ती सुचली. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटो येथे मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत त्याने बेस्ट या विद्यार्थ्यास हाताशी धरून प्रयोग केले. कॉलिप यांनी तो रस शुद्ध केला. आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, मरणोन्मुख झालेल्या मुलास तो टोचून त्याचे प्राण वाचविण्यात आले. तोवर अशा मुलांस अर्धपोटी ठेवून त्यांचे मरण थोडे लांबविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. शोधाचे हक्क अवघ्या एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यात आले. पुढे प्रौढांच्या मधुमेहावर पोटात घेण्याच्या गोळ्याही निघाल्या. त्यांतील मेटफॉर्मिन ही १९५७ पासून वापरात येऊन आज घरोघरी पोहोचली आहे.

इन्शुलिन मिळते तर लोकमान्य अधिक जगले असते काय, हा तर्क आम्ही करीत नाही. परंतु त्यांच्या चरित्रावरून कोणी असे म्हणू लागेल की, खऱ्या निश्चयी मनुष्यास औषधाची गरज नाही, तर तो मोठाच अनर्थ होईल. टिळकांनी केवळ पथ्यावर भागविले, कारण त्यांच्या काळी दुसरे काही नव्हते. आणि त्यांच्याच काळी मधुमेह झालेली लहान मुले कितीही पथ्य पाळून थोड्याच काळात दगावत असत.

हे लिहिण्याचे कारण दूरचे नाही. आमच्या दिंडोशीच्या परिसरातही अशी मुले आहेत की ज्यांस डबा उघडण्यापूर्वी इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागते. सोबती कुतूहलाने पाहतात, क्वचित हसतात; मग ते मूल लाजून कोपऱ्यात जाते. सुईची सवय लागेल या भीतीने ती टाळू पाहणारे पालकही आम्हांस भेटले आहेत. त्यांस आमचे नम्र सांगणे एवढेच की, ज्याच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही त्यास ते बाहेरून देणे ही सवय नव्हे. पांगळ्यास कुबडी द्यावी तसेच ते आहे. डॉक्टरांना विचारल्यावाचून ते एक दिवसही बंद करू नये. उलटपक्षी, गोळी घेतली म्हणून जिलेबीस मोकळीक मिळाली असे समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मंडालेतील त्या जवाच्या पिठाची आठवण ठेवावी.

देह ही देवाने आपणांस सांभाळावयास दिलेली ठेव आहे. ती राखण्यास लोकमान्यांजवळ केवळ निश्चय होता. आपणांजवळ औषधही आहे. निश्चयाची भर मात्र आपली आपणच घातली पाहिजे. मुलांनो, वर्गातील सोबती सुई टोचून घेत असेल तेव्हा हसू नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याचे आटोपेपर्यंत आपला डबा उघडू नका.