गावच्या बाईच्या हाती आरोग्य देणाऱ्या डॉ. मेबल आरोळे

शेतकरी बंधूंनो, आपलं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी असो की साक्रीच्या डोंगरपट्ट्यात, रात्री-अपरात्री लेकराला जुलाब लागले, बाळंतीण अडली, तर तालुक्याचा डॉक्टर येईपर्यंत हाताशी कोण असतं? याच प्रश्नासाठी ज्यांनी हयात घालवली, त्या डॉ. मेबल आरोळे यांची ही ओळख.

त्यांचा जन्म १९३५ साली जबलपूरला झाला. डॉक्टरकी वेल्लोरला शिकल्या. १९६० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याशी लग्न झालं आणि दोघांनी खेड्यातच काम करायचं ठरवलं. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काढली. तिथं एक गोष्ट ध्यानात आली. बरं होऊन गेलेलं मूल पुन्हा तेच दुखणं घेऊन येई. कारण दूषित पाणी आणि अर्धपोटी राहणं हे गावातच होतं.

मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० साली दोघं जामखेडला आले. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं. आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवून पाहिल्या. पण परक्या गावात मुक्काम करणं त्यांना जड जाई, आणि गावही त्यांचं ऐकेना. तेव्हा गावानंच आपल्यातली एक बाई निवडावी, असं ठरलं.

या बाया बहुतेक निरक्षर, कितीतरी जणी दलित समाजातल्या. दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायचं आणि गावात जाऊन करायचं. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, मुलांचं वजन, स्वच्छ बाळंतपण, क्षय आणि कुष्ठरोगाची ओळख, असं एकेक त्या शिकल्या. गडीमाणसंही मागं नव्हती. व्हॉलीबॉलच्या निमित्तानं जमलेल्या तरुणांची शेतकरी मंडळं झाली. पाणी, झाडं, बांधबंदिस्ती ही कामं त्यांनी अंगावर घेतली.

१९७१ मध्ये तिथं हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. या जोडप्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० मध्ये पद्मभूषण मिळालं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या. पुढं २००५ साली देशात आशा योजना सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधी जामखेडनं ही वाट दाखवली होती.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, कपाशीचं बियाणं आपण दहादा पारखून घेतो. आशाताईची निवड ग्रामसभेपुढं येते, तेव्हा तितकंच पारखा. कुणाची सून, कुणाची वशिल्याची, हे पाहू नका. रात्री हाक मारली तर येईल आणि गावातल्या प्रत्येक वस्तीत जाईल, अशी बाई निवडा. आणि एकदा निवडली की तिच्या पाठीशी उभे राहा. डॉक्टर बदलून जातो, ती मात्र गावातच राहणार आहे.