स्कूबी-डूचा आवाज : डॉन मेसिक

पौर्णिमेच्या रात्री लोखंडी चिलखतात जीव येतो आणि एक काळा सरदार संग्रहालयाच्या दालनांतून फिरू लागतो. चार तरुण आणि त्यांचा भित्रा कुत्रा त्याचा माग काढतात. अखेरीस चिलखतातून भूत नव्हे, तर संग्रहालयाचाच अभिरक्षक बाहेर येतो. अस्सल चित्रे लांबवून त्यांच्या जागी नकला टांगण्याचा त्याचा उद्योग उघडा पडतो. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १३ सप्टेंबर १९६९ रोजी दाखवलेला हा ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ या मालिकेचा पहिला भाग. पुढील अनेक दशके याच साच्यातील रहस्यकथा नव्याने रचल्या गेल्या. त्यातील कुत्र्याला प्रथम वाणी देणारे डॉन मेसिक यांचा चेहरा मात्र बहुतेक प्रेक्षकांना कधीच परिचित झाला नाही.

मेसिक यांचा जन्म ७ सप्टेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला. बालपण मेरिलँडमध्ये गेले. बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा शब्दभ्रमकार व्हावे, ही त्यांची पहिली इच्छा होती. किशोरवयातच त्यांना रेडिओवर कार्यक्रम मिळाला. त्यात सर्व पात्रांचे आवाज ते एकटेच काढत. ओठ न हलवता दुसऱ्याच्या तोंडी बोलण्याचे हे शिक्षण पुढे त्यांच्या उपजीविकेचे साधन ठरले.

हॉलिवूडमध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेला ‘ड्रूपी’ या कुत्र्यासाठी बदली आवाज हवा होता. मूळ कलावंत बिल थॉम्प्सन उपलब्ध नव्हते. डॉज बटलर या सहकारी कलावंताने मेसिक यांचे नाव सुचवले. दुसऱ्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत त्यांनी या क्षेत्रात पाऊल टाकले.

१९५७ मध्ये विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी स्वतःची संस्था उभी केली. दूरचित्रवाणीचा खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी चित्रांची संख्या कमी करावी लागे. पात्रांच्या हालचाली मोजक्या असत. साहजिकच पात्र जिवंत करण्याचा भार आवाजावर येऊन पडला. संस्थेच्या ‘रफ अँड रेडी’ या पहिल्या मालिकेपासूनच मेसिक आणि बटलर ही जोडी तेथे होती. योगी अस्वलाचा छोटा सोबती बू-बू आणि त्या दोघांवर नजर ठेवणारा वनरक्षक स्मिथ, हे दोन्ही आवाज मेसिक यांचेच. ‘द जेटसन्स’मधील कुत्रा ॲस्ट्रो, ‘वॅकी रेसेस’मध्ये दबक्या आवाजात खिदळणारा मटली, १९८१ पासून पापा स्मर्फ अशी ही यादी लांबत गेली.

स्कूबीचा जन्म एका अडचणीतून झाला. शनिवारी सकाळी लागणाऱ्या कार्टून मालिकांतील हाणामारीवर पालकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे सीबीएसचे अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन यांना सौम्य, विनोदी मालिका हवी होती. लेखक जो रुबी आणि केन स्पिअर्स यांनी भुताच्या मुखवट्यामागे माणूस दडलेला असतो, अशी मांडणी केली. इवाओ ताकामोतो यांनी कुत्र्याचे रूप रेखाटले. भय दाखवायचे, पण मुलांना घाबरवायचे नाही, हा तोल सांभाळण्याचे काम मुख्यत्वे मेसिक यांच्या गळ्याकडे आले. प्रत्येक शब्दाच्या आरंभी ‘र’ लावून बोलण्याची लकब त्यांनी ॲस्ट्रोसाठी आधीच वापरली होती. स्कूबीच्या तोंडी ती अधिक भरदार झाली. कुत्र्याची घाबरगुंडी ऐकून मुले हसत आणि त्या हसण्यात भुताचा धाक विरून जाई.

मालिकेची नावे बदलली, नवी पात्रे आली, १९८८ मध्ये तर हीच मंडळी बालरूपात अवतरली. स्कूबीचा आवाज तोच राहिला. भारतात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाल्यावर तो येथील घरांतही पोहोचला.

मात्र १९९६ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने मेसिक यांची कारकीर्द थांबली. ज्या गळ्याने असंख्य पात्रांना बोलते केले, तोच कामाला पारखा झाला. २४ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सलिनास येथे वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षीचा ‘स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड’ हा चित्रपट त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आला.

२००४ च्या ‘स्कूबी-डू २’ या चित्रपटात तो काळा सरदारही पुन्हा अवतरला. २००२ पासूनच्या कार्टून मालिकांत स्कूबीचा आवाज काढणारे फ्रँक वेल्कर हे पहिल्या भागात फ्रेडच्या भूमिकेत मेसिक यांच्यासोबत होते. कथा नव्याने रचता येते, चित्रही नव्याने काढता येते. परंतु स्कूबीसाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कलावंताला आधी मेसिक यांचा आवाज कानात साठवावा लागतो. दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करत या क्षेत्रात आलेल्या कलावंताचा आवाज आता इतरांसाठी मूळ नमुना ठरला आहे.