फ्लॅनरी ओकॉनर : ल्युपस आणि किडनी

अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांचा जन्म १९२५ मध्ये जॉर्जियातील सव्हाना येथे झाला. वडील ल्युपसने गेले तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या. पंचविशीत त्यांनाही तोच आजार झाला. आईने निदान लपवले. १९५२ मध्ये एका मैत्रिणीने ते सांगितले.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर, अनेकदा किडनीवर हल्ला करते. तेव्हा मुख्य उपचार म्हणजे एसीटीएचची इंजेक्शने आणि स्टिरॉइड. चेहरा सुजला, खुब्याचे हाड खराब झाले, कुबड्या आल्या. तरीही या औषधांनीच त्यांना लिहायला बारा-तेरा वर्षे मिळवून दिली, असे मला वाटते. मिलेजव्हिलजवळच्या शेतावर त्या मोर पाळत आणि रोज सकाळी लिहीत.

१९६४ मध्ये फायब्रॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ल्युपस उफाळला. किडनी निकामी होऊन ३ ऑगस्टला, ३९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज किडनीतज्ज्ञ अशा रुग्णाला स्टिरॉइडसोबत मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड देतात. सुरुवातीच्या उपचारात दोन्हींचा गुण साधारण सारखाच. फरक दुष्परिणामांत : सायक्लोफॉस्फामाइडमुळे वंध्यत्व येऊ शकते, तर मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाही. मूल हवे असेल तर आजार आटोक्यात आल्यावर त्याऐवजी अझाथायोप्रिन देतात.