काटक्यांना फुलदाणीत मान देणारी कॉन्स्टन्स

डिसेंबर-जानेवारीत इंग्लंडमधली बाग म्हणजे नुसत्या काटक्या. पानं गळालेली, फुलांचा पत्ता नाही आणि दुकानातली फुलं महाग. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या श्रीमंतांकडे यावर ठरलेला उपाय होता. काचघरात वाढवलेली कार्नेशन्स आणायची, सोबत नाजूक नेचा लावायचा. ज्यांना परवडत नाही त्यांची फुलदाणी रिकामी! हा रिवाज जिनं मोडला ती कॉन्स्टन्स स्प्राय.

तिचा जन्म ५ डिसेंबर १८८६ चा, डर्बी गावातला. वडील रेल्वेत कारकून. शिकून वर चढले आणि नोकरीनिमित्त कुटुंब आयर्लंडला गेलं. तिथं कॉन्स्टन्स आरोग्यशास्त्र आणि प्रथमोपचार शिकली. क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेत ती बायकांना स्वच्छतेवर, घरच्या शुश्रूषेवर व्याख्यानं द्यायची. (महिला मंडळात काम करणाऱ्या मैत्रिणींना ठाऊक असेल, परक्या गावात बायकांपुढे उभं राहून त्यांच्याच घरातल्या सवयींवर बोलणं किती अवघड असतं ते.)

१९१० मध्ये तिचं लग्न झालं, पण संसार सुखाचा नव्हता. १९१६ मध्ये लहानग्या मुलाला घेऊन ती इंग्लंडला निघून आली. महायुद्ध चालू होतं, कारखान्यांत बायका कामाला लागल्या होत्या. त्यांच्या सोयी-गैरसोयी पाहायची नोकरी तिला मिळाली. त्या काळी नवऱ्याला सोडून आलेल्या बाईकडे लोक कोणत्या नजरेनं पाहत असतील, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

१९२१ मध्ये ती लंडनच्या गरीब पूर्व भागातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका झाली. कारखान्यात राबणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुली तिथं शिकायला यायच्या. स्वयंपाक, शिवण याबरोबर कॉन्स्टन्सनं त्यांना फुलं मांडायलाही शिकवलं. पोटाला चिमटा बसतो तिथं फुलांचं काय कौतुक, असं कुणीही म्हणेल. तिला वाटायचं, अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या पोरीलाच त्याची जास्त गरज आहे.

१९२९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तिनं लंडनमध्ये फुलांचं छोटं दुकान काढलं. अ‍ॅटकिन्सन्स या अत्तराच्या दुकानाची दर्शनी काच सजवायचं काम मिळालं, तेव्हा तिनं महागड्या फुलांच्या जोडीला कुंपणावरच्या रानवेली आणून लावल्या. लोक थबकून बघायला लागले. मग ती थांबलीच नाही. केल नावाची कोबीच्या कुळातली भाजी, गवताची तुरेदार पाती, रानटी फळांचे घोस, शेवाळाचे डाग पडलेल्या वाकड्या फांद्या, मऊ लव असलेल्या कळ्यांच्या विलोच्या डहाळ्या, सगळं तिच्या फुलदाणीत आलं. फुलदाणी तरी कसली? रस्सा वाढायचं भांडं, केक भाजायचा ट्रे, पक्ष्याचा पिंजरा, काहीही चालायचं.

तिची युक्ती मोठी सोपी होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चुरगाळून भांड्यात बसवायची. जाळीचे दोन-तीन थर होतात, काटकी त्यांतून आरपार जाते आणि हवी तशी तिरकी उभी राहते. जाड देठाच्या फांद्या आधी बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवायच्या, म्हणजे त्या पोटभर पाणी पितात. त्या काळी देठाचं टोक ठेचत. आता तिरका काप पुरे, असं जाणकार सांगतात. थंडी सरत आली की कळ्या धरलेली फांदी उबदार खोलीत आणून ठेवली, तर बाहेरच्या झाडाआधी ती घरात फुलते!

१९३४ मध्ये तिचं पुस्तक आलं, दुकान मोठ्या जागेत गेलं, हाताखाली सत्तरएक माणसं आली. १९३७ मध्ये राजपद सोडलेल्या ड्यूक ऑफ विंडसरच्या फ्रान्समधल्या लग्नाची फुलं तिनं मांडली. राजघराण्याची मर्जी गेली, कामं गेली. पण दिलेला शब्द तिनं मोडला नाही. दहा वर्षांनी राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाची फुलं पुन्हा तिच्याचकडे आली. १९५३ च्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी तिच्या आणि रोझमेरी ह्यूम यांच्या शाळेनं करी पावडर घातलेलं गार चिकन केलं. तो पदार्थ आजही इंग्लंडमध्ये खातात. आता त्या पावडरीला आपण मसाला म्हणू की नाही, हा भाग वेगळा!

आणि ज्या हेन्री स्प्राय यांचं नाव तिनं जगभर नेलं, त्यांच्याशी तिचं रीतसर लग्न कधी झालंच नव्हतं. हे गुपित तिनं जन्मभर सांभाळलं. ३ जानेवारी १९६० रोजी, ऐन थंडीत, शाळेच्या जिन्यावरून पाय घसरून ती गेली. पुढच्याच वर्षी डेव्हिड ऑस्टिन यांनी आपल्या पहिल्या गुलाबाला तिचं नाव दिलं.

२००४ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमनं तिच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. फुलं मांडण्याला कसलं डिझाइन म्हणायचं, या वादात व्हॅक्यूम क्लीनरवाले जेम्स डायसन यांनी तिथलं अध्यक्षपद सोडलं. बाईनं घर मांडलं की ती हौस आणि पुरुषानं यंत्र केलं की ती कला, हा हिशोब मला तरी पटत नाही. प्रदर्शन मात्र ठरल्याप्रमाणे पार पडलं.