दामलेमामा : आवाजाचा माग काढणारा माणूस

मराठी चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपल्याला दादासाहेब फाळके आठवतात, बाबूराव पेंटर आठवतात आणि प्रभातचं नाव निघालं की लगेच व्ही. शांताराम. विष्णुपंत गोविंद दामले हे नाव मात्र बऱ्याचदा जोडनाव म्हणूनच येतं : दामले-फत्तेलाल. 'संत तुकाराम' या चित्रपटाच्या दिग्दर्शकांची ही जोडी. पण दिग्दर्शनाच्या आधी आणि दिग्दर्शन करत असतानाही दामले यांची खरी ओळख वेगळी होती. ते यंत्र खोलून बघणारे माणूस होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे का बघावं, ते हा लेख वाचताना कळेल अशी आशा आहे.

दामले यांचा जन्म १८९२ साली पेणचा. गणपतीच्या मूर्तींसाठी आपण जे पेण ओळखतो तेच. तरुणपणी ते नाटकांचे पडदे रंगवण्याच्या कामात शिरले आणि त्यातून आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या कोल्हापूरच्या दोन भावांशी जोडले गेले. हे दोघे चुलतभाऊ पडदे इतके सुंदर रंगवायचे की लोकांनी त्यांचं आडनावच पेंटर करून टाकलं. १९१३ साली फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांच्या मनात चित्रपट काढायचं वेड शिरलं. अडचण एकच होती. कॅमेरा नव्हता. परदेशातून मागवायचा तर पैसे नव्हते, त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. मग कॅमेरा घरीच बनवायचा असं ठरलं.

आज हे वाचायला सोपं वाटतं. पण चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे फक्त भिंग आणि डबा नव्हे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांनी भोकं असतात, एका चित्राला चार. कॅमेऱ्यातल्या नखांनी त्या भोकांत शिरायचं, फिल्म नेमकी चार भोकं खाली ओढायची, क्षणभर थांबायचं, तेवढ्यात झडप उघडून चित्र घ्यायचं आणि पुन्हा ओढायचं. हे सगळं सेकंदात पंधरा-वीस वेळा. नख केसभर चुकलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव खचले, पण थांबले नाहीत. त्यांच्याबरोबर लेथवर उभे राहून तो कॅमेरा पुरा करणारे त्यांचे शिष्य म्हणजे दामले. १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला, त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली तिचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. तो बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

मला वाटतं, दामले यांचं पुढचं सगळं आयुष्य या कॅमेऱ्यातून निघालं. विकत आणलेली वस्तू बिघडली की आपण दुकानात जातो. स्वतः बनवलेली वस्तू बिघडली तर जायला दुकानच नसतं! तेव्हा एकच रस्ता उरतो. जिथून सुरुवात होते तिथून एकेक पायरी तपासत यायचं. काय काय ठीक आहे ते आधी बाजूला काढायचं, म्हणजे उरलेल्या जागेत बिघाड सापडतो.

याच कंपनीत त्यांना शेख फत्तेलाल भेटले. फत्तेलाल कागलचे, हाडाचे चित्रकार. दोघांची दोस्ती अशी जमली की पुढे लोक एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हणू लागले. १९२८ साली दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला. त्यानंतर १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. भांडवल बेताचं, अंगमेहनत भरपूर. सुरुवातीचे चित्रपट मूकच होते.

आणि मग १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' झळकला. चित्रपट बोलू लागला!

आपल्याला आज वाटतं की ही सगळ्यांसाठी आनंदाची बातमी असणार. तशी ती नव्हती. मूकपट काढणाऱ्या कंपन्यांसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. प्रेक्षकांना बोलणारी माणसं हवी होती आणि आवाज टिपण्याचं ज्ञान फार थोड्यांकडे होतं. ज्यांना ते जमलं नाही त्या कंपन्या बुडाल्या. प्रभातने ध्वनिमुद्रणाची यंत्रं आणली. आता ती चालवणार कोण? हे शिकवणारी शाळा आपल्याकडे नव्हती. पाच भागीदारांमध्ये ती जबाबदारी कुणाकडे जाणार हे उघड होतं. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या दामले यांनी ध्वनिमुद्रणाचं काम हातात घेतलं.

ते काम काय होतं ते थोडं समजून घेऊ. मायक्रोफोनमध्ये आवाज शिरतो आणि त्याची वीज होते. ती वीज वाढवून तिच्या चढउतारांप्रमाणे एक प्रकाशाची रेघ कमीजास्त केली जाते आणि ती रेघ फिल्मवर उमटते. फिल्म धुतली की आवाजाचा पट्टा दिसू लागतो. चित्रपटगृहात त्या पट्ट्यातून दिव्याचा प्रकाश जातो, पलीकडे प्रकाशाची पुन्हा वीज होते आणि कर्ण्यातून आवाज येतो. म्हणजे केवढी लांब साखळी बघा : आवाज, वीज, प्रकाश, फिल्म, पुन्हा प्रकाश, पुन्हा वीज, पुन्हा आवाज. यातली कुठलीही कडी सुटली की पडद्यावर नट ओठ हलवतो आणि प्रेक्षकांना खरखर ऐकू येते. कडी कुठली सुटली हे खरखर सांगत नाही. ते शोधावं लागतं.

त्यात वेगाची भानगड. मूकपटात कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग थोडा मागेपुढे झाला तरी चालून जायचं. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे दीड फूट फिल्म, हा वेग पक्का. तो घसरला की गाणाऱ्याचा स्वरही घसरला. शिवाय चित्राला फिल्म थांबत-थांबत, झटके देत जायला हवी आणि आवाजाला मात्र ती अखंड, एका लयीत जायला हवी. एकाच फिल्मच्या दोन उलट मागण्या! यावर प्रोजेक्टरमध्ये केलेला उपाय साधा पण सुंदर आहे. चित्राची जागा आणि आवाजाची जागा एकमेकांपासून लांब ठेवतात आणि मध्ये फिल्मचा सैल वळसा सोडतात. झटके त्या वळशात जिरतात, पुढे फिल्म संथ वाहते.

इथे मला थोडं शिरगावला जाऊन यायचं आहे, कारण हा वळसा मला आधी तिथे समजला. डिचोली तालुक्यातलं शिरगाव आपल्याला लईराईच्या जत्रेमुळे आणि खाणींमुळे माहीत. तिथल्या आमच्या एका वर्गमित्राने गेल्या सुट्टीत घरी एक डॅक बनवला. डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी पेटी. ऑप्टिकल केबल लावली की पेटी छान वाजायची. यूएसबी लावली की ढिम्म. कॉम्प्युटरला तिचा पत्ताच लागत नव्हता.

ऑप्टिकलवर वाजते म्हणजे आवाज करणारा पुढचा भाग ठीक, बिघाड यूएसबीच्या दारातच. पहिल्यांदा त्याने केबल बदलली, कारण काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. तरी नाही. मीटर लावून बघितलं, पाच व्होल्ट येत होते. मग तो माहितीच्या दोन तारांकडे वळला. यातल्या डी प्लस नावाच्या तारेला दीड किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो, तो तारेला वर ओढून धरतो आणि त्यावरूनच कॉम्प्युटरला कळतं की दारात कुणीतरी आलंय. त्याच रेझिस्टरचा सोल्डर कच्चा निघाला. वरून चकचकीत, आतून सुटलेला. पुन्हा सोल्डर केल्यावर कॉम्प्युटरने पेटी ओळखली.

गाणं सुरू झालं, पण मधूनमधून टिक्, टिक्. हा बिघाड जास्त मजेदार होता. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. यूएसबी ते गठ्ठ्यांनी पाठवते, दर मिलिसेकंदाला एक गठ्ठा. हिशोब ४४.१ चा, पण नमुना तोडता येत नाही. म्हणून नऊ गठ्ठे ४४ चे आणि दहावा ४५ चा. म्हणजे इथेही माल झटक्यांनी येतो आणि कानाला अखंड धार हवी असते. मध्ये एक छोटी साठवण ठेवतात, तोच तो सैल वळसा. पण कॉम्प्युटरचं घड्याळ वेगळं, पेटीचं वेगळं. दहा लाखांत पन्नासचा फरक असला तरी दर सेकंदाला दोन नमुने इकडचे तिकडे. हळूहळू साठवण भरून वाहते किंवा रिकामी पडते आणि टिक् होतं. किती कमी-जास्त पाठव हे पेटीनेच कॉम्प्युटरला कळवायची सोय असते, ती त्याने प्रोग्रॅममध्ये चालू केली आणि टिकटिक थांबली.

हे सगळं बघताना मला दामले यांचं काम नुसतं कळलं नाही, तर ऐकू आलं. यंत्रं बदलली, पण प्रश्न तोच : दोन ठिकाणी चालणाऱ्या दोन गोष्टी एका लयीत आणायच्या आणि मधले झटके ऐकणाऱ्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत.

आता परत कोल्हापूरला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. पहिला मराठी बोलपट. तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, तारामती होत्या दुर्गा खोटे आणि ध्वनिमुद्रण दामले यांचं. मराठी भाषा पडद्यावरून पहिल्यांदा ऐकू आली ती या माणसाच्या कानांखालून गेलेली. भाषेच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट लहान वाटू नये. छापील मराठीला जसे खिळे जुळवणारे लागले, तसे बोलत्या मराठीला दामले लागले. फरक इतकाच की त्यांना हे काम शिकत-शिकत करावं लागलं.

१९३३ साली प्रभात पुण्याला आली. मोठा स्टुडिओ उभा राहिला. आणि १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम आणि गौरी यांची जिजाई. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो आजही बघितला तर एक गोष्ट जाणवते. अभंग कुठेही मुद्दाम आणून ठेवल्यासारखा वाटत नाही. बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते कळतही नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना तर पुष्कळांनी तुकारामांचाच अभंग म्हणून मनात ठेवली. याचं श्रेय आठवले यांचं, संगीतकार केशवराव भोळे यांचं आणि पागनीस यांच्या गळ्याचं आहेच. पण शब्दाला कसं ऐकायचं हे ज्याला वर्षानुवर्षं माहीत आहे असा दिग्दर्शक तिथे होता, हेही विसरता कामा नये.

पुढे १९३८ चा 'गोपाळकृष्ण' आणि १९४० चा 'संत ज्ञानेश्वर' याच जोडीचे. ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांची. अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती घरातला मुलगा ज्ञानेश्वर होतो, त्याचं दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल मिळून करतात आणि प्रेक्षक हात जोडतात. यावर वेगळं भाष्य करायची गरज मला वाटत नाही. स्टुडिओत माणसाचं काम बघत होते, एवढं पुरे आहे.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. कंपनीची घडी विस्कटू लागली. जुलै १९४५ मध्ये दामले गेले, तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. त्यानंतर आठएक वर्षांत प्रभातही बंद पडली. १९६० साली तिच्याच जागेवर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ज्या आवारात दामले यांनी न शिकवता शिकलेली विद्या वापरली, तिथे आज ध्वनिमुद्रण हा रीतसर शिकवला जाणारा विषय आहे.

पडद्याच्या पाठीमागे राहणाऱ्या माणसाच्या कामाची एक पंचाईत असते. ते चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज नीट आला की आपण नटाचं कौतुक करतो, आवाज फाटला की मात्र यंत्रावरचा माणूस आठवतो. दामले यांचं काम बहुतेक वेळा नीट झालं, म्हणून ते नाव मागे राहिलं असावं. यूट्यूबवर प्रभातचे जुने चित्रपट आहेत. 'संत तुकाराम' लावा, हेडफोन घाला आणि दहा मिनिटं पडद्याकडे न बघता नुसतं ऐका. थोडी खरखर येईल, ती काळाची आहे. तिच्या पलीकडे प्रत्येक शब्द अजून स्पष्ट आहे.